एककानी सुरगाठ

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचा. बस फाट्यावर सोडते तिथपासूनच भाजलेल्या साखरेचा वास येतो. डोळे मिटून चाललं तरी माणूस बिस्किटाच्या कारखान्यापाशी जाऊन थडकेल. मी डोळे उघडे ठेवले म्हणून उशीर झाला. वाटेत एकजण दवाखान्याची पाटी रंगवत होता आणि त्यातला 'खा' त्यानं एवढा मोठा काढला होता की लांबून नुसतं 'खा' दिसायचं. ते सांगायला थांबलो. त्यालाही पटलं, पण रंग वाळला होता.

ताईनं दार उघडलं, मला खालून वर बघितलं. "उंटा, अजून वाढतोयस की काय?" उंट हे नाव उंचीमुळे आणि भटकण्यामुळे, दोन्हीसाठी. ती स्वतः भावोजींच्या छातीला लागते. म्हणते, आईनं सगळी उंची तुझ्यात ओतली, मला तळाची खरवड दिली.

"वखारीतलं काम सोडलंस?"

"धूळ फार होती."

"आणि त्याआधीचं?"

"तिथं धूळ नव्हती, पण मालक होता."

ती हसली नाही. एरवी हसते.

दोन खोल्या, तिसरा मजला, मागे हातभर गॅलरी. गॅलरीत कपड्यांची दोरी भावोजींनी स्वतःच्या उंचीला बांधलीय. ताई बादली पालथी घालून तिच्यावर चढते आणि कपडे टाकते. म्हटलं, खाली का नाही बांधून घेत? म्हणाली, रोज सांगायचं राहून जातं.

ताई बिस्किटाच्या कारखान्यात पट्ट्यावर उभी असते, भावोजी तिथंच फिटर. मशीन बंद पडलं की त्यांना बोलावतात. माझ्याशी बोलले ते एवढंच: "आलास? बरं झालं." मग भिंतीकडे तोंड करून झोपले. उद्यापासून संप आहे म्हणे. मला वाटलं माणूस सुट्टीच्या आदल्या दिवशी जरा खुश असेल.

मंगळवार, ४

दिवसभर गेटसमोर. पट्ट्यावरचे, भट्टीवरचे, पॅकिंगवाल्या, सगळे बाहेर. पुढारीण म्हणजे पॅकिंगमधली एक वयस्क मावशी, तिला सगळे भोंगा म्हणतात. ती घोषणा देते तेव्हा कारखान्याचा खरा भोंगा ऐकू येत नाही.

घोषणा एकच. "दोरी खाली घ्या!"

मला वाटलं होतं पगारासाठी असेल. ताईनं समजावलं. पिठाचा जाड थर पट्ट्यावरून येतो आणि दोन रुळांत जाऊन पातळ होतो. त्या रुळांच्या वर एक दोरी लोंबते. ओढली की पट्टा जागच्या जागी थांबतो. पण पट्टा थांबला की भट्टीत अडकलेली बिस्किटं करपतात, माल फुकट जातो. तर कधीतरी ती दोरी गुंडाळून वरच्या पाइपला बांधली गेली. महिनोन्महिने तशीच. आणि गेल्या आठवड्यात चिमणीची बाही रुळात गेली.

चिमणी म्हणजे ताईच्या समोर उभी राहणारी नवीन पोरगी. एवढीशी, पण हसायला लागली की पट्टाभर ऐकू जायचं. बाही गेली, मागून हात गेला, खांद्यापर्यंत. दवाखान्यात आहे, शुद्ध नाही.

"मी उडी मारली रे," ताई म्हणाली. "वर बघितलं तर गाठीचा कान लोंबत होता, एकच. त्याला बोट लागलं. पकडलासुद्धा क्षणभर. पण कान ओढून गाठ सुटत नाही, आवळते." मग तिनं डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं.

"पण बांधली कुणी?"

"तेच तर. कंपनी म्हणते, आम्हाला काही ठाऊक नाही. तुमच्या बायकांच्या डोक्याला लागत होती, तुम्हीच बांधली असेल. म्हणजे उद्या पोर गेली तरी चूक पोरीचीच."

संप सगळा एवढ्यावरच अडलाय. दोरी साहेबाच्या हुकमानं वर गेली हे कुणीतरी सांगायला हवं, आणि सांगणारा नाही.

भावोजी सगळ्यांच्या मागे, कुंपणाला टेकून उभे होते. हात खिशात. भोंगामावशी ओरडली, "फिटरराव, आवाज कुठाय?" ते म्हणाले, घसा बसलाय. सकाळी चांगला होता.

शुक्रवार, ७

वास गेला. सकाळी उठलो तर हवेला कसलाच वास नाही. समोरच्या इमारतीतला एक म्हातारा खिडकीत उभा राहून नाक वर करून हुंगत होता. मला म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा माझ्याच घराचा वास आला. चांगला नाहीये."

पण लोक! मी बऱ्याच गावांत राहिलो, असं कुठं बघितलं नाही. खाणावळीतली आचारीण सूपचं पातेलं ढकलगाडीवर घालून गेटवर आणते. कोपऱ्यावरचा न्हावी संपवाल्यांची दाढी फुकट करतो, बायका म्हणाल्या आमचं काय, तर त्यांच्या कात्र्यांना धार लावून देतो. बसवाला गेटसमोर आला की हॉर्न लांबवतो. दुकानदारांनी कंपनीचे पुडे फळीवरून काढले. एक शाळकरी मुलांची आई घरातला फोडलेला पुडा घेऊन आली आणि गेटच्या आत भिरकावून गेली. "माझ्या पोरांना नको हे," म्हणाली. चौकीदारानं तो उचलला आणि जरा वेळानं पाठ फिरवून खाल्ला. मी बघितलं.

मलाही वाटलं आपण काहीतरी करावं. सूप वाटायला उभा राहिलो, पण एका आजोबांशी कबुतरांवरून बोलता बोलता रांग गोठली. आचारणीनं डाव काढून घेतला. मग सुचलं. न्हाव्याकडून सुतळीचा गुंडा आणला, वीतभर तुकडे केले. म्हटलं, जो आपल्या बाजूनं आहे त्यानं दाराला एक दोरी बांधायची. भोंगामावशीनं माझ्या पाठीत गुद्दा घातला. ती तिची शाबासकी.

गाठ मात्र मला जमेना. मी मारतो ती निरगाठ होते, नंतर कापावी लागते. भावोजींच्या हातची गाठ सुबक असते, गॅलरीतली, त्यांच्या पिशवीची. संध्याकाळी गळ घातली, शिकवा.

"कशाला?"

"दारांना बांधायचीय. गावभर."

त्यांनी गुंडा हातात घेतला, परत खाली ठेवला. मग शिकवली. दोन वेढे, खालून वर घ्यायची, एकच कान काढायचा, आणि भावोजी डावरे म्हणून कान डावीकडे पडतो. खाली टोक राहतं त्याला ते शेपूट म्हणतात. कितीही वजन घाला, हलत नाही. शेपूट ओढलं की एका झटक्यात मोकळी. एककानी सुरगाठ. त्यांना त्यांच्या पहिल्या उस्तादानं शिकवली, आणि इथं दुसऱ्या कुणाला येत नाही म्हणे. सुतळी दोनदा त्यांच्या हातून निसटली. दिवसभर नुसता चहा, दुसरं काय होणार.

सोमवार, १०

पायाचे तुकडे पडलेत, पण मजा आली. शनिवारपासून बांधतोय. दुकानांच्या शटरला, सायकलींच्या हँडलला, शाळेच्या फाटकाला, बसच्या आरशाला. दवाखान्याच्या पाटीखालीही एक. लोकांना गाठ फार आवडते. शिकवा म्हणतात, मग मी शिकवतो, मग ते शेजाऱ्याला शिकवतात. न्हाव्यानं तर खुर्चीच्या पट्ट्याला मारली. म्हणाला, "गिऱ्हाईक पळायला लागलं तरी सुटणार नाही." जिथं बघावं तिथं डावीकडे पडलेला एक कान.

दुपारी मूठभर तयार गाठी ताईपुढे टाकल्या, जरा कौतुक व्हावं म्हणून. तिनं एक उचलली. उन्हात धरली. कान बोटानं चाचपला.

"ही कुणी शिकवली तुला?"

"भावोजींनी, अजून कोण."

ती गॅलरीत गेली, पालथ्या बादलीवर चढली आणि वरच्या दोरीच्या गाठीकडे बघत उभी राहिली. कपडे नव्हते हातात. मग आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. उन्हानं डोकं दुखत असेल.

रात्रीचं जेवण तिनं वाढलं, पण भावोजींचं ताट जमिनीवर ठेवलं आणि हातानं पुढे सरकवलं नाही. त्यांनीही ओढून घेतलं नाही. ताट तसंच. माझ्यामुळे भांडण झालंय हे कळायला फार अक्कल लागत नाही. संपात घरी पैसे येणं बंद आणि वर पाहुणा उंट. उद्यापासून सूप गेटवरच पिईन.

बुधवार, १२

चिमणी गेली.

सकाळी बातमी आली तेव्हा घोषणा चालू होत्या. भोंगामावशीचा आवाज मध्येच तुटला. मला वाटलं ती थांबली, पण ओठ हलत होते.

चिमणीची आई दुपारी गेटवर आली. मांडीवर चिमणीचा डबा, कामावर न्यायची तो. त्या दिवशीचा, कुणी घासला नव्हता. ती म्हणाली, मी इथंच बसते, तुम्ही तुमचं चालू द्या. कुणाला चालू देता आलं नाही.

सगळं गाव आलं. आचारणीनं चूल पेटवली नाही. बसवाल्यानं बस बंद केली आणि तोही येऊन बसला. हॉर्न वाजला नाही तर रस्ता किती रुंद वाटतो.

भावोजी मागेही नव्हते. घरी गेलो तर गॅलरीत उकिडवे बसले होते. म्हटलं, चला, सगळे आलेत. ते म्हणाले, "ती मला काका म्हणायची." मी म्हटलं, मलाही बरेच जण काका म्हणायला लागलेत, उंचीमुळे. हे बोलायला नको होतं. लिहिताना कळतंय.

सोमवार, १७

वाईट दिवस.

शनिवारी सरकारी तपासनीस आत जाऊन आला होता. कंपनीनं आज पेपरात फोटोच छापून आणला. पाइपला गुंडाळलेली दोरी, आणि तिची गाठ, मोठी करून. दोन वेढे. एक कान. डावीकडे.

खाली लिहिलंय, संपवाले जी गाठ गावभर बांधत फिरत आहेत तीच ही गाठ. दोरी कुणी वर बांधली याचा पुरावा त्यांनीच घरोघरी पोचवला आहे.

मी पेपर तीनदा वाचला. मग उलटा धरून बघितला, उगाच.

दुपारपर्यंत दारांवरच्या सुतळ्या गळायला लागल्या. शेपूट ओढलं की एका झटक्यात मोकळी, तेवढं मात्र मी सगळ्यांना चांगलं शिकवलं होतं. पुडे फळ्यांवर परत आले. आचारणीनं सूप आणलं, पण ढकलगाडी गेटपासून लांब उभी केली आणि म्हणाली, "मला नुसतं खरं सांगा. तुमच्यातल्याच कुणी पोरीला मारलं का?" भोंगामावशीलाही ते ठाऊक नव्हतं.

न्हाव्यानं मला हाक मारली. त्याच्या खुर्चीच्या पट्ट्यावर गाठ अजून होती.

"उंटा, तुला ही कुणी शिकवली?"

मी म्हटलं, वखारीत शिकलो. पहिल्यांदाच एवढं पटकन खोटं सुचलं. तो म्हणाला, "वखारीत डावरा होता का कुणी?" आणि कात्रीला धार लावत बसला.

घरी कुणी दिवा लावला नव्हता. पेपर जमिनीवर. ताई एका भिंतीला, भावोजी दुसऱ्या. ताई म्हणाली, "मी कानाला धरून लोंबकळत होते." बास, एवढंच. हे ती मला सांगत नव्हती.

मंगळवार, १८

जसं झालं तसं लिहितो. नाहीतर माझ्याकडून वाकडंतिकडं होईल.

सकाळी भावोजी अंघोळ करून कामाचे कपडे घालून निघाले. ताई दहा पावलं मागे, तिच्यामागे मी. गेटपाशी माणसं कमी झाली होती. चिमणीची आई तिथंच, डबा मांडीवर. भावोजी तिच्यासमोर मातीत बसले.

"दोरी मी बांधली," ते म्हणाले.

घसा बसलेला अजिबात नव्हता. मागच्या लोकांनाही ऐकू गेलं.

"शिफ्टच्या साहेबानं सांगितलं. पट्टा फार थांबतो, माल करपतो, दोरी वर घे. शिडी त्यानं धरली. मी ही गाठ मारली, कारण ही ओढली की सुटते. शेपूट खाली सोडलं होतं. बायकोच्या मापानं सोडलं होतं. पट्ट्यावर सगळ्यात बुटकी तीच, तिचा हात पोचला की सगळ्यांचा पोचेल."

"मग?" चिमणीची आई म्हणाली.

"मग साहेब म्हणाला, ते लोंबतंय तेही वर खोच. नाहीतर काय उपयोग."

"मग?"

"खोचलं."

बाई डब्याचं झाकण अंगठ्यानं दाबत होती. "शेपूट खाली असतं तर माझी पोचली असती?"

"ती तुमच्या पोरीपेक्षा बोटभर बुटकी आहे," भावोजींनी ताईकडे हात केला. "दोघीही पोचल्या असत्या."

कुणीतरी शिवी दिली. भट्टीवरचा एकजण पुढे आला आणि त्यानं भावोजींची कॉलर धरली. त्यांनी सोडवली नाही. मी मध्ये पडलो तर मलाच एक बसली, कानाखाली. मग मागून म्हातारा फिटर, ज्याचं तोंड मी कधी उघडलेलं बघितलं नव्हतं, तो म्हणाला, "सोड त्याला. दुसऱ्या पट्ट्यावरची मी बांधली. साहेब तोच, शिडी तीच." त्याच्या बाजूचा म्हणाला, "तिसऱ्यावरची माझी. माझी निरगाठ आहे. ओढूनही सुटायची नाही."

भट्टीवरच्यानं कॉलर सोडली.

भोंगामावशी खाली बसली. नंतर तिनंच तपासनिसाला बोलावलं. तिघे फिटर त्याच्याबरोबर गेले, पोलीस चौकीवर जबाब द्यायला. जाताना भावोजींनी ताईकडे बघितलं. ती डब्याकडे बघत होती.

कानात अजून शिटी वाजतेय. मला सारखं वाटतं, मी सुतळीचा गुंडा आणलाच नसता तर माणूस घरी असता. पण मग पुढे विचार नीट जात नाही, मध्येच अडकतो.

गुरुवार, २०

भावोजी अजून चौकीवर. साहेबालाही नेलं म्हणतात, मोटारीतून.

सकाळी न्हाव्याकडे गेलो. दाराच्या चौकटीला त्यानं सुतळी खिळ्यानं ठोकली होती. गाठ नाही. नुसती लोंबती सोडलेली, वीतभर नव्हे, चांगली लांब, एखाद्या पोरालाही धरता येईल एवढी. म्हणाला, "बांधून झालं भरपूर. आता लोंबू दे."

दुपारपर्यंत रस्ताभर तशाच. दुकानांच्या दारात शिरताना चेहऱ्याला लागतात. आचारणीनं ढकलगाडी परत गेटला लावली. तिनं तिघा फिटरांसाठी चौकीवर सूप पाठवलं का, असं मी विचारलं. म्हणाली, "पाठवलं. शिव्याही पाठवल्या." पुडे फळ्यांवरून पुन्हा उतरले, आणि या वेळी चौकीदारानंही भिरकावलेला पुडा उचलला नाही.

ताई रोज गेटवर जाते. चिमणीच्या आईच्या शेजारी बसते.

बुधवार, २६

झालं. कंपनीनं सही केली. दोऱ्या खाली घ्यायच्या, सगळ्या पट्ट्यांवर, आणि परत कधी वर बांधायच्या नाहीत. पोरीची चूक नव्हती हे लिहून दिलं, पेपरात छापायचं. साहेबावर खटला चालेल. तिघा फिटरांवरही. तिघांची नोकरी गेली.

कुणी नाचलं नाही. भोंगामावशीनं कागद वाचून दाखवला, आणि तिचा आवाज एवढा बारीक की मागचे म्हणाले, मोठ्यानं. ती म्हणाली, "एवढाच उरलाय."

भावोजींना संध्याकाळी सोडलं. जिन्यात त्यांची पावलं वाजली, ताईनं ऐकली आणि कणीक मळत राहिली. ते येऊन दाराशी बसले. मी त्यांना पाणी दिलं. कुणीतरी द्यायलाच हवं होतं.

शुक्रवार, २८

पट्टा आज सुरू झाला. म्हणजे झाला आणि नाही झाला.

ताईनं येऊन सांगितलं ते असं. रुळांच्या वर नवीन दोरी, लाल, पार कमरेपर्यंत. पट्टा चालू झाला, ताई पुढे गेली, दोरी ओढली. थांबला. परत चालू केला. मग तिच्या शेजारणीनं ओढली. मग भट्टीवरच्यांनी, मग पॅकिंगच्या बायका एकेक करून आल्या. कुणी ठरवलं नव्हतं. नवा साहेब प्रत्येक वेळी म्हणायचा, आता पुरे, आणि बाजूला व्हायचा. शेवटी भोंगामावशी. भट्टीतलं सगळं करपलं. गावभर करपल्याचा वास होता. खिडकीतला म्हातारा म्हणाला, हा बरा आहे.

चिमणीच्या जागी अजून कुणी उभं राहिलेलं नाही.

मी पिशवी भरून ठेवलीय. सकाळची बस. फाट्यापलीकडे एका नर्सरीत माणूस हवाय म्हणे, तिथं धूळ नसणार, ओली माती असते. पिशवीचं तोंड बांधताना हात आपोआप दोन वेढे घेऊन एक कान काढायला लागला. सोडलं. तोंड उघडंच ठेवलं.

संध्याकाळी ताईनं कपडे धुतले. पिळे बादलीत घेऊन गॅलरीत गेली. दुसरी बादली पालथी घातली नाही. वर दोरीकडे बघत नुसती उभी राहिली, पाणी पायावर ठिबकत होतं. मी उठलो, म्हटलं मी टाकतो, माझा हात पोचतो. तिनं मला मानेनं नको म्हटलं.

मग म्हणाली, "अहो."

दाराशी बसलेले भावोजी उठले.

"खाली घ्या."

अठरा तारखेपासून ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली, आणि तेही कपड्यांच्या दोरीबद्दल. बायका कशा असतात ते मला कधी कळणार नाही.

भावोजींनी शेपूट ओढलं. दोरी पडली. त्यांनी ती खाली धरली, ताईच्या खांद्याशी, तिनं मान हलवली, अजून जरा खाली धरली. बांधायला त्यांना फार वेळ लागला. कोणती गाठ मारली ते अंधारात दिसलं नाही. ताईनं जमिनीवर उभं राहून सगळे कपडे टाकले.

आता गॅलरीत जायचं तर मला वाकावं लागतं.